आरएसीनं चौकट परत पाठवली: अकरा खोकी, अकरा बाण आणि "ही यादी आहे" असा शेरा

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. शिक्षणशास्त्रात पीएचडी चालू आहे. कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीपुढं (आरएसी) ठेवला. विषय असा: बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांत सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलं आठवीला मराठी, कन्नड किंवा इंग्लिश माध्यमाच्या हायस्कूलला जातात. माध्यम बदलल्याचा त्यांच्या दहावीच्या निकालावर काय परिणाम होतो?

त्यात संकल्पनात्मक चौकट द्यावी लागते, म्हणजे कुठला चल (मोजायची, बदलणारी गोष्ट) कशावर परिणाम करतो त्याचं चित्र. मी काढलेली चौकट शब्दांत सांगते. उजवीकडं एक खोकं, 'दहावीचे गुण'. डावीकडं एकाखाली एक अकरा खोकी: माध्यम, लिंग, पालकांचं शिक्षण, उत्पन्न, घरची भाषा, हायस्कूलचं अंतर, शिक्षकांची पात्रता, शिकवणी, मोबाइल, प्रेरणा, परिसर. अकराही खोक्यांतले बाण गुणांत जातात. शेरा आला: "ही चलांची यादी आहे, संकल्पनात्मक चौकट नाही. बाण का, ते सांगा." मुदत एक महिना.

मार्गदर्शक म्हणतात, एखादी थिअरी वरून लाव. वरून लावायची म्हणजे नेमकं काय करायचं? सैद्धांतिक चौकट आणि संकल्पनात्मक चौकट या दोन वेगळ्या द्यायच्या का? अजून एखादा चल घातला तर चालेल का? नमुना ठरलाय: २० हायस्कूल, प्रत्येकी दहावीची २० मुलं, एकूण ४००, एक प्रश्नावली. पुढं १५ पालकांच्या मुलाखतीही घ्यायच्या आहेत.


पाटी_पेन्सिल

ताई, शेरा कडक वाटला तरी रास्त आहे की. चल वाढवू नका, आधी बाणांकडं बघा.

चौकटीतला प्रत्येक बाण हे एक वाक्य असतं: अमुक बदललं की तमुक बदलतं, कारण मधे असं असं घडतं. तुमचे अकरा बाण वहीत असे लिहून काढा. "मोबाइलमुळं गुण बदलतात, कारण..." इथं पेन अडकेल. अभ्यासाचा वेळ जातो म्हणून, की न कळलेला धडा मूल व्हिडिओवर बघतं म्हणून? एकात गुण कमी होतात, दुसऱ्यात वाढतात. दोन उलट्या चिन्हांची कारणं एकाच बाणात कोंबली तर बेरीज शून्याच्या आसपास येते आणि प्रबंधात "मोबाइलचा सार्थ परिणाम आढळला नाही" असं छापून जातं. प्रश्न मोबाइलचा नव्हताच, बाणाचा होता. 'कारण'च्या पुढं काही सुचत नसेल तर तो बाण खोडा.

दुसरी बाजूही बघा. जिथं बाण नाही तिथंही तुम्ही काहीतरी ठाम बोलताय. बारा खोक्यांच्या ६६ जोड्या होतात. अकरा जोडल्या, म्हणजे उरलेल्या ५५ जोड्यांत काही संबंध नाही असं तुमचं चित्र म्हणतं. पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न यांचा संबंध नाही? हायस्कूलचं अंतर आणि माध्यम यांचा नाही? खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या मुलाला कुठलं माध्यम मिळणार हे घरच्यांच्या इच्छेइतकंच सकाळची बस कुठं जाते आणि पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का, यावर ठरतं. तिथं अंतर हा माध्यमाच्या शेजारी बसणारा चल नाही, माध्यमाच्या मागं उभा असलेला आहे. कमिटीला खटकलं ते हेच असणार.

आता 'वरून थिअरी'. सैद्धांतिक चौकट म्हणजे दुसऱ्या कुणी मांडून ठेवलेला, तुमच्या विषयाशिवायही उभा राहणारा सिद्धांत. संकल्पनात्मक चौकट म्हणजे तुमच्या प्रश्नासाठी तुम्ही केलेली जुळणी: सिद्धांतातून काही बाण, आधीच्या अभ्यासांतून काही, इथल्या माहितीतून काही. काही विद्यापीठांत दोन्ही शब्द एकाच अर्थानं चालतात, तेव्हा तुमच्याकडच्या दोन-तीन मान्य झालेल्या प्रबंधांत प्रकरणांची रचना कशी आहे ते शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, बघून घ्या. दोन वेगळी चित्रं मात्र लागत नाहीत. सिद्धांत शब्दांत सांगायचा, त्यातला कुठला तुकडा कुठल्या बाणाला आधार देतो ते सांगायचं, मग एकच चित्र.

तुमच्या विषयाला दोन सिद्धांत थेट बसतात, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

पहिला भाषाशिक्षणाचे अभ्यासक कमिन्स यांचा. बोलण्यापुरती भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी, हा त्यांचा भेद. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण वर्गातली पुस्तकी भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडं हे रोज दिसतं. खडेबाजारात 'एष्टु', 'बेकु', 'ब्याडा' करत फिरणारं मराठी घरातलं पोर कन्नड हायस्कूलच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'द्युतिसंश्लेषणे' वाचतं आणि थांबतं. सातवीपर्यंत तो शब्द त्याच्यासाठी 'प्रकाशसंश्लेषण' होता. धडा तोच, पान तेच सांगतंय, पण शब्दही नवा आणि लिपीही त्याला तितकी सरावाची नाही. म्हणून 'कन्नड येतं का? हो/नाही' असला प्रश्न विचारून तुम्हाला काहीच कळणार नाही. सगळेच हो म्हणतील.

एक सावधगिरी. कमिन्स यांची मांडणी प्रामुख्यानं कॅनडात स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांवरून झाली. आपली मुलं कुठून आलेली नाहीत, कन्नड त्यांच्या शेजारातच आहे आणि मराठी शाळेतही तो विषय असतो. त्यामुळं 'पाच ते सात वर्षं' हा आकडा उचलून गृहीत धरू नका. भेद घ्या, मुदत घेऊ नका, आणि का घेतली नाही ते दोन ओळींत लिहा. व्हायव्हात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, हा प्रश्न येतोच येतो.

दुसरा जाइल्स, बोर्‌ही आणि टेलर यांचा १९७७ चा, भाषिक गटाच्या बळाचा. एखाद्या गटाची भाषा किती तग धरते हे तीन गोष्टींवर ते तोलतात: गटाचा दर्जा, लोकसंख्या आणि तिची वस्ती, संस्थांचा आधार. तुमचं 'परिसर' हे खोकं आज नुसतं धुकं आहे. परिसर म्हणजे काय मोजणार? या तीन भागांत तोडलंत तर मोजता येतं: गावात मराठी घरं किती, पंचायतीचे आणि दुकानांचे फलक कुठल्या भाषेत, वाचनालय, भजनी मंडळ, सोसायटीचं कामकाज कशात चालतं.

बाण कुठून आणायचे त्याची पद्धत सांगतो. एक तक्ता करा, सात रकाने: अभ्यास, ठिकाण, कशापासून, कशाकडं, दिशा, मोजलं कसं, आणि लेखकानं दिलेलं कारण. ४०-५० लेख त्यात उतरवा. लेखाचा सारांश लिहायचा नाही, फक्त बाण उतरवायचे. एका लेखातून तीन ओळी निघतील, दुसऱ्यातून एकही नाही. मग 'कशापासून–कशाकडं' प्रमाणे तक्ता लावून घ्या. जो बाण पाच-सहा ठिकाणी येतो आणि दिशाही तीच, तो पक्का. जो दोन ठिकाणी उलट दिशेनं येतो तो तुमच्यासाठी सोनं आहे, तिथंच संशोधनाची फट असते. शेवटचा रकाना बहुतेक लेखांत रिकामा राहतो. त्याला घाबरू नका, पण त्या बाणाचं कारण तुम्हाला स्वतः द्यावं लागेल.

चित्र संगणकावर लगेच काढू नका. चार्ट पेपर, चिठ्ठ्या, पेन्सिल. चिठ्ठ्या काळाप्रमाणं डावीकडून उजवीकडं मांडा: आठवीच्या आधीचं डावीकडं, आठवीतलं मधे, नंतरचं उजवीकडं. उजवीकडून डावीकडं बाण काढावासा वाटला तर समजा काहीतरी चुकलं. तुमच्या 'प्रेरणा'चं असंच होईल बघा. दहावीत मोजलेली प्रेरणा गुणांचं कारण आहे की नववीपर्यंतच्या गुणांचा परिणाम? एकाच दिवशी भरलेल्या प्रश्नावलीतून ते सुटत नाही.


मोजपट्टी

वरचं सगळं मान्य. मी फक्त आकड्यांच्या बाजूनं, कारण चौकट कागदावर देखणी दिसते आणि नमुना तिला पेलत नाही, असं वरचेवर होतं.

पहिली गोष्ट, माध्यम हा मुलाचा गुणधर्म नाही, शाळेचा आहे. एका हायस्कूलातली २० मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तोच परिसर. त्यामुळं ४०० मुलं म्हणजे ४०० स्वतंत्र नोंदी होत नाहीत. हिशेब सोपा आहे. अशा गटागटानं घेतलेल्या नमुन्यात माहिती किती पटीनं घटते ते डिझाइन इफेक्ट सांगतो: १ + (एका शाळेतली मुलं − १) × शाळेअंतर्गत सहसंबंध, म्हणजे एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी किती याचं माप. तो सहसंबंध ०.१५ धरला तर १ + १९ × ०.१५ = ३.८५. तुमची ४०० मुलं प्रत्यक्षात १०४ मुलांइतकीच माहिती देतात. तीच ४०० मुलं ४० शाळांतून दहा-दहा घेतली तर १ + ९ × ०.१५ = २.३५, म्हणजे १७० मुलांइतकी. छापायच्या प्रश्नावल्या तितक्याच, फक्त बसचं तिकीट वाढलं. चौकटीतही हे दिसायला हवं: एक आडवी रेघ मारा, रेघेवर शाळेचे आणि गावाचे चल, खाली मुलाचे. रेघ ओलांडणारा बाण कुठला ते कमिटीला एका नजरेत कळतं.

दुसरी, मध्यस्थ आणि नियंत्रक यांची गल्लत. मध्यस्थ चल बाणाच्या वाटेत असतो: माध्यम बदललं, त्यामुळं पुस्तकी भाषा कळेना, त्यामुळं गुण घसरले. नियंत्रक चल वाटेत नसतो, तो बाणाची जाडी कमी-जास्त करतो: जिथं कन्नड रोज कानावर पडतं तिथं कन्नड माध्यमात जाण्याचा फटका कमी, जिथं पडत नाही तिथं जास्त. म्हणून नियंत्रकाचा बाण खोक्यात घुसवायचा नाही, दुसऱ्या बाणाच्या कमरेवर आणून टेकवायचा. निम्म्या चौकटींत हा बाण चुकीच्या जागी जातो आणि मग विश्लेषणही चुकतं.

मध्यस्थ खरंच आहे का ते तपासायला अजूनही बरेच जण बॅरन आणि केनी यांच्या १९८६ च्या चार पायऱ्या चढतात. कमिटीनं विचारलं तर माहीत असू द्या, पण निर्णय त्यावर ठेवू नका. अप्रत्यक्ष परिणाम म्हणजे दोन बाणांचा गुणाकार. उदाहरणापुरते आकडे घ्या: माध्यमबदलापासून आकलनापर्यंत −०.४, आकलनापासून गुणांपर्यंत ०.३, तर अप्रत्यक्ष परिणाम −०.१२. थेट बाण −०.१० असला तर एकूण −०.२२. या गुणाकाराचं वितरण तिरकं असतं, म्हणून बूटस्ट्रॅप करायचा, म्हणजे आपल्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून हिशेब करायचा, ५००० पुनर्नमुने, आणि ९५ टक्के मर्यादांत शून्य येतं का ते बघायचं. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधला प्रोसेस मॅक्रो हे करून देतो, पण त्याला शाळेचा थर कळत नाही. तुमचा डेटा थरांचा आहे, तेव्हा मूल आणि शाळा हे दोन्ही थर एकत्र धरणारं बहुस्तरीय प्रतिमान लागेल.

नियंत्रकाचा खर्च त्याहून मोठा. नियंत्रकामुळं परिणामात गटागटानं पडणारा फरक म्हणजे आंतरक्रिया. समान आकाराचे गट धरले तर आंतरक्रियेची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) मुख्य परिणामाच्या दुप्पट असते. तितकाच मोठा परिणाम पकडायलाही चौपट नमुना, आणि आंतरक्रिया मुख्य परिणामाच्या निम्मी असेल तर सोळापट. म्हणून नियंत्रक एकच ठेवा. 'लिंग, जात, उत्पन्न, परिसर हे सगळे नियंत्रक' असं लिहिणाऱ्या चौकटी नमुन्याच्या पहिल्या हिशेबात कोसळतात.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली. तुम्ही दहावीत बसलेली मुलं घेताय. आठवी-नववीत ज्यांनी शाळा सोडली ती तुमच्या नमुन्यात नाहीतच. कन्नड किंवा इंग्लिश माध्यमात ज्यांना अगदीच झेपलं नाही ती गळाली असतील तर उरलेली मुलं निवडक, आणि त्यांचे गुण बघून "माध्यमबदलाचा परिणाम नाही" असा निष्कर्ष निघेल. 'शाळेत टिकणं' हे खोकं चौकटीत हवंच, आणि नमुना दहावीच्या वर्गातून न घेता सातवीच्या यादीतून घ्या.

कुणी तरी सुचवेल की अंतर हा चल इन्स्ट्रुमेंट म्हणून वापरा, म्हणजे फक्त माध्यमामार्फतच गुणांवर परिणाम करणारा चल म्हणून. नका. लांबच्या शाळेमुळं हजेरी कमी होते आणि हजेरीमुळं गुण, म्हणजे अंतराची गुणांकडं माध्यमाला वगळून जाणारी दुसरी वाट आहे. एवढ्यावर ते तंत्र बाद होतं.


दोन_लिपी

एक छोटी पण त्रास देणारी गोष्ट. कमिटीत कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे सदस्य असतील तर शब्द जपून वापरा. मराठीत 'परिकल्पना' म्हणजे पडताळायचं विधान. कन्नडमध्ये 'परिकल्पने' म्हणजे संकल्पना, आणि पडताळायच्या विधानाला 'प्राक्कल्पने' म्हणतात. तुम्ही "माझ्या पाच परिकल्पना" म्हणालात की समोरचा पाच संकल्पना समजतो आणि व्याख्या विचारतो. त्यातून मराठीत 'गृहीतक' म्हणजे न तपासता मान्य केलेलं, तेही काही जण परिकल्पनेच्या जागी लिहितात. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर आठ-दहा शब्दांचा छोटा कोश द्या, दोन्ही भाषांत.

प्रश्नावलीबद्दलही तेच. मराठी माध्यमाची मुलं मराठी प्रत भरणार, कन्नड माध्यमाची कन्नड. मग दोन गटांतला फरक मुलांमधला की प्रतींमधला? उलट भाषांतर करून घ्या, म्हणजे मराठीवरून कन्नड केलेली प्रत मूळ न बघितलेल्या माणसाकडून परत मराठीत आणा आणि दोन मराठी प्रती शेजारी ठेवून वाचा. शिवाय दोन्ही भाषा सहज वाचणाऱ्या ३० एक मुलांना दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन्ही प्रती द्या, निम्म्यांना मराठी आधी, निम्म्यांना कन्नड आधी. ज्या विधानावर त्याच मुलाचं उत्तर बदलतं ते विधान काढून टाका.


जांबोटी_रोड

खूप उपयोगी. मोबाइल, प्रेरणा, शिकवणी काढते आहे. शिकवणीचं वाक्य लिहिताना कळलं की कच्ची मुलं शिकवणीला जातात, म्हणजे बाण उलटाच आहे.

दोन शंका राहिल्या. एक, गुण म्हणजे ६२५ पैकी एकूण घ्यायचे ना? दोन, १५ मुलाखतींसाठी वेगळी चौकट लागते का? आमच्याकडं एक सर म्हणतात गुणात्मक (आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांच्या) कामात चौकट ठेवूच नये, क्षेत्रात कोऱ्या मनानं जावं.


उंबरठा

कोऱ्या मनानं कुणीच जात नाही, ताई. चौकट लिहिली नाही म्हणजे ती नसते असं नाही, ती फक्त दिसत नाही. तुम्ही "मुलाला कन्नड शाळेत का घातलं?" असा प्रश्न घेऊन गेलात म्हणजे 'पालक निवड करतात' हे आधीच धरून चाललात. जिथं दहा मैलांत एकच हायस्कूल आहे तिथल्या आईला हा प्रश्नच विचित्र वाटेल. ही तुमची चौकट, न लिहिलेली.

मुलाखतींची चौकट मात्र बाणांची नसते, इथं माझा पाटी_पेन्सिल यांच्याशी थोडा वाद आहे. गुणात्मक संशोधनाच्या पद्धतींवर लिहिणारे मायल्स आणि ह्युबरमन चौकट चित्रात किंवा शब्दांत, कशातही मांडता येते असं म्हणतात. कमिटी चित्रच मागत असेल तर हे दाखवा. मुलाखतींसाठी चार-पाच संवेदक संकल्पना, म्हणजे कशाकडं लक्ष ठेवायचं ते सुचवणारे शब्द, पुरतात: निवड, इभ्रत, नोकरीची आशा, घरची भाषा, भीती. प्रत्येकीखाली तीन ओळी: मी सध्या याचा अर्थ काय धरते, क्षेत्रात काय दिसलं तर हा अर्थ बदलेन, आणि याच्या उलट उदाहरण कुठं शोधेन. पाच मुलाखती झाल्या की थांबा, नोंदी वाचा, तारीख घालून चौकटीची दुसरी प्रत लिहा. दहा झाल्यावर तिसरी. तिन्ही प्रती परिशिष्टात लावा. चौकट बदलली हे लपवायचं नसतं, ती कशामुळं बदलली हाच तुमचा पुरावा.

क्षेत्रातून चौकट उलटते म्हणजे काय, त्याचं उदाहरण आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात आहे. भाषेचे अभ्यासक गंपर्झ आणि विल्सन यांचा कुपवाड गावावरचा १९७१ चा लेख. गावात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिले. शेजारच्या भाषा मिसळतात म्हणजे आधी शब्द उसने घेतले जातात, हा नेहमीचा अंदाज. तिथं वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून नेता येतं, पण शब्दसाठे मात्र वेगळेच राहिले, कारण घरात प्रत्येक गटानं आपली भाषा आपली ओळख म्हणून जपली. नुसते उसने शब्द मोजायची चौकट घेऊन कुणी गेला असता तर "इथं फारसं मिसळलेलं नाही" असं लिहून परत आला असता. तुमच्या 'घरची भाषा' या खोक्यात एकच खूण करायची जागा आहे. ती बदला. आईशी, आजीशी, बाजारात, मित्रांशी, देवळात, मोबाइलवर: प्रत्येक जागी कुठली, ते विचारा.


पाटी_पेन्सिल

उंबरठा यांचं मुलाखतींबद्दलचं मान्य. सर्वेक्षणाच्या भागाला मात्र बाण लागतातच, तिथं मी हटत नाही.

६२५ घेऊ नका. पहिल्या भाषेचे १२५, बाकी पाच विषयांचे १०० प्रमाणे, असे ते ६२५. पहिल्या भाषेचा पेपर एकाचा मराठी, दुसऱ्याचा कन्नड. दोन वेगळ्या पेपरांचे गुण एका बेरजेत घालून तुलना करता येत नाही. गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान असे ३०० घ्या. त्यातही तीन विषय वेगवेगळे बघा: कमिन्स यांचा भेद खरा असेल तर फटका समाजविज्ञानात जास्त आणि गणितात कमी दिसायला हवा. तसं दिसलं नाही तर तुमची चौकट अडचणीत, आणि हे आधीच लिहून ठेवलंत तर कमिटी बोट ठेवणार नाही.

आता नवी मांडणी. चार्ट पेपर आडवा घ्या.

डावीकडं तीन खोकी: घरची शैक्षणिक पार्श्वभूमी, हायस्कूलचं अंतर, सातवीतली पातळी. पहिल्या खोक्यात पालकांचं शिक्षण, उत्पन्न आणि घरात पाठ्यपुस्तकांव्यतिरिक्त पुस्तकं किती, हे तीन निर्देशक. मधे माध्यम, तीन प्रकार, 'मराठी' हा तुलनेचा आधार. त्याच्या उजवीकडं 'माध्यमाच्या भाषेतलं अभ्यासाचं आकलन'. हे मोजायला ३०० शब्दांचा विज्ञानाचा न शिकवलेला उतारा आणि दहा प्रश्न, प्रत्येक मुलाला त्याच्या माध्यमाच्या भाषेत. सगळ्यात उजवीकडं दोन खोकी, वर 'शाळेत टिकणं', खाली 'तीन विषयांचे गुण'. आणि वर, रेघेच्या पलीकडं, 'परिसरातलं भाषाबळ'.

बाण: घर ते माध्यम, घर ते गुण. अंतर ते माध्यम, अंतर ते टिकणं. सातवी ते माध्यम, सातवी ते गुण. माध्यम ते आकलन. आकलन ते गुण, आकलन ते टिकणं. माध्यम ते गुण, थेट. आणि भाषाबळाचा बाण 'माध्यम ते आकलन' या बाणाच्या कमरेवर. मोजा, पुन्हा अकराच भरले, पण आता एकेकाला जागा आहे.

परिकल्पना अकरा लिहायच्या नाहीत. डावीकडचे सहा बाण नियंत्रणासाठी, म्हणजे त्या चलांचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी (वरचा 'नियंत्रक' वेगळा), ते बारीक रेघेनं काढा. ठळक पाच बाणांच्या पाच परिकल्पना. प्रत्यक्ष मोजलेल्याला चौकोन, निर्देशकांवरून अंदाजलेल्याला लंबगोल, न तपासलेल्याला तुटक रेघ. खुणांचा अर्थ चित्राखाली लिहा.

शिक्षकांची पात्रता काढून टाका. हायस्कूलात जवळपास सगळे बीएड असतील तर तो चल बदलतच नाही, आणि जे बदलत नाही ते कशाचंच स्पष्टीकरण देत नाही. लिंग मात्र फेकू नका. लांबच्या शाळेचा फटका मुलींच्या टिकण्यावर जास्त पडतो असं वाटत असेल तर ते मुलाखतीत बघा. दुसऱ्या नियंत्रकाला तुमचा नमुना पुरणार नाही, हे वर आलंच आहे.

शेवटी एक मेळ तक्ता, पाच परिकल्पनांच्या पाच ओळी आणि रकाने असे: संशोधन प्रश्न, बाण, साधन, प्रश्नावलीतले क्रमांक, विश्लेषण. एखाद्या बाणासमोर प्रश्न क्रमांक नसेल तर तो मोजलाच जाणार नाही. एखाद्या प्रश्नासमोर बाण नसेल तर तो प्रश्न कशाला विचारताय?


मोजपट्टी

मांडणी चांगली आहे, पण दोन बाण राहिले. सातवीतली पातळी ते आकलन, आणि घर ते आकलन. हुशार मुलाला उताराही कळतो आणि गुणही पडतात. हा बाण सोडला तर 'आकलन ते गुण' हा आकडा फुगतो आणि अख्खी मध्यस्थी खरी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. माध्यम कुणाला मिळेल ते आपण नियंत्रित केलं तरी आकलन कुणाला येईल ते सुटंच राहतं, म्हणून ही चूक सहज लक्षात येत नाही. चित्र डॅगिटीत टाका, हे बाणांची चित्रं तपासणारं साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. 'माध्यम' आणि 'गुण' यांच्यावर खूण केली की कुठले चल नियंत्रित करायचे ते सांगतं. एकूण परिणाम काढताना 'आकलन' नियंत्रित करू नका, तो वाटेतला आहे. तो धरला तर जे शोधताय तेच पुसून टाकाल.

सातवीची पातळी कुठून आणणार हा खरा पेच. आदर्श म्हणजे आठवीच्या जूनमध्ये, पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांना एकच ४० मिनिटांची चाचणी. पण मग दहावीचा निकाल हातात यायला तीन वर्षं, आणि तोवर तुमची पीएचडीची मुदत संपत येईल. दुसरा रस्ता मागं जाण्याचा. ज्या मराठी शाळांतून मुलं तीन वर्षांपूर्वी सातवी होऊन बाहेर पडली त्यांची यादी शाळेच्या रजिस्टरवरून घ्या आणि सॅट्स नंबरवरून (शिक्षण खात्याच्या नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक) आज कुठं आहेत ते शोधा. बीईओंची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची) लेखी परवानगी आधी घ्या, बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत, त्यामुळं निपाणीसाठी अर्ज वेगळ्या कार्यालयात जाईल. सातवीचे गुण दोन शाळांमध्ये तुलनेचे नसतात, एका शाळेत सढळ हात, दुसरीत काटेकोर. म्हणून गुण तसेच घेऊ नका, त्या मुलाचा आपल्या वर्गातला क्रम घ्या. वर्गात सहा-सातच मुलं असतील तर क्रमालाही फार अर्थ राहत नाही, अशा शाळा वेगळ्या नोंदवा.

या रस्त्यात एक फायदा आहे. एकाच गावच्या एकाच मराठी शाळेतून एकाच वर्षी निघालेली मुलं तीन माध्यमांत विखुरलेली सापडली तर त्यांची आपसांत तुलना करा. परिसर तोच, प्राथमिकचे शिक्षक तेच, अंतर जवळपास तेच. तोटाही आहे: आकलन आणि गुण दोन्ही दहावीतच मोजले जातील, त्यामुळं आधी काय आणि नंतर काय हे डेटावरून सांगता येणार नाही. ही मर्यादा चौकटीच्या खालीच लिहा, शेवटच्या प्रकरणात ढकलू नका.